रिमोटची मोटारसायकल : आधी जुळवणी, मग सुधारणा

(गणेशोत्सवातील ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले.)

 गणपती बाप्पा मोरया!

या कार्यक्रमात मी बोलावं असा निरोप सेक्रेटरींनी दिला, तेव्हा मी जरा कचरलोच. याआधी इथे कुणी बोन्सायवर बोललं, कुणी जुन्या नाण्यांवर. मी काय सांगणार? पन्नाशी उलटल्यावर मी खेळण्याशी खेळतो, हे? सेक्रेटरी म्हणाले, “तेच सांगा. रविवारी सकाळी पार्किंगच्या मैदानात तुम्ही त्या खेळण्यामागे लंगडत पळता, हे अख्ख्या वसाहतीनं पाहिलंय. का पळता, ते एकदा कळू दे.”

तर आज ते सांगतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मी इचलकरंजीहून बेंगळुरूला आलो तो १९९२ साली, टूलरूममध्ये नोकरीला. दोन वर्षांनी पैसे साठवून जुनी येझदी घेतली. इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, येझदी म्हणजे म्हैसूरची गाडी, किक मारायची तीच दांडी पुढे वळवली की गिअरची दांडी व्हायची. त्या गाडीवर मी राजासारखा फिरलो. आणि एका पावसाळी संध्याकाळी, डावीकडच्या एका वळणावर, वेग थोडा जास्त झाला. गाडी वळणाबाहेर जायला लागली. मी घाबरलो आणि जे कुणीही करील तेच केलं. डावीकडे जायचं म्हणून हँडल जोरात डावीकडे फिरवलं. गाडी डावीकडे जायच्या ऐवजी उजवीकडे उठली आणि मला घेऊन सरळ दुभाजकावर गेली. डाव्या पायात अजून सळी आहे. मी लंगडतो का, याचं उत्तर तुम्हाला मिळालं. पळतो का, ते पुढे येईल.

गाडी उलटी का वागली, हे मला पंचवीस वर्षं कळलं नव्हतं. रस्ता निसरडा होता, नशीब वाईट होतं, असं म्हणून मी विषय संपवला होता.

२०१९ साली आमचे चिरंजीव सोळा वर्षांचे झाले आणि घरात मोटारसायकलचा विषय निघाला. “मित्राची आहे, नुसती कॉलनीत फिरवतो.” सौ. माझ्या पायाकडे बघायची आणि उठून आत जायची. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मी तो कागद त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, “बाबा, म्हणजे तुम्हाला दंडाची भीती आहे.” मला खूप लागलं ते. भीती कशाची होती, हे बापाला मुलाशी बोलता येत नाही, म्हणून आपण कायदा पुढे करतो.

त्या सुमारास आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्यानं घर बदललं. माळ्यावरून एक खोकं निघालं. परदेशी ट्रेनिंगला गेले असताना त्यांनी हौसेनं आणलेली रिमोटची मोटारसायकल, एक-पंचमांश मापाची, म्हणजे साधारण हातभर लांब आणि दोन किलो वजनाची. वर चामडी पोशाखातला प्लॅस्टिकचा स्वार. “दोनदा चालवली, दोनदा पडली. तुम्हाला हवी का?” मी ती घरी आणली आणि चिरंजीवांना म्हटलं, “ही आधी सरळ चालवून दाखव. मग खऱ्या गाडीचं बोलू.” मला वाटलं होतं, त्याला गुंतवून ठेवायला दोन महिने पुरतील. गुंतलो मी.

आता मंडळी, रिमोटची मोटारगाडी आणि रिमोटची मोटारसायकल यांत फरक काय, ते आधी सांगतो. मोटारगाडी चार चाकांवर उभी असते. थांबली तरी उभी, चालली तरी उभी. बाप्पाचा उंदीरसुद्धा चार पायांचा, म्हणून त्याला तोलाची काळजी नाही. मोटारसायकल मात्र थांबली की पडते. ती सतत पडतच असते. ज्या बाजूला पडते त्या बाजूला पुढचं चाक वळतं, त्यामुळे चाकं पुन्हा वजनाखाली येतात आणि ती सावरते. हे काम सेकंदात कितीतरी वेळा, आपल्या नकळत चालू असतं.

यात पुढच्या चाकाच्या रचनेचा मोठा वाटा आहे. फोर्क तिरका असतो. त्याच्या कण्याची रेषा जमिनीला जिथे टेकते, त्याच्या थोडं मागे चाक टेकतं. या अंतराला ट्रेल म्हणतात. बाजारात सामानाची ट्रॉली ढकलताना तिची छोटी चाकं आपोआप मागे फिरून सरळ होतात, तसाच हा प्रकार. शिवाय फिरतं चाक आपला अक्ष सहजी सोडत नाही, तो भोवऱ्याचा गुण. पूर्वी लोक म्हणत, सगळी करामत भोवऱ्याची. पण २०११ साली नेदरलँड्‌स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मुद्दाम अशी सायकल बनवली की तिच्यात ना भोवऱ्याचा परिणाम, ना ट्रेल. तीसुद्धा ढकलल्यावर आपली आपण तोल सांभाळत गेली. म्हणजे खरं सूत्र एकच : पडायच्या बाजूला चाक वळलं पाहिजे, मग ते कोणत्याही कारणानं वळो.

आता आमची पहिली चूक. गाडी बाकावर उभी करून चालू केली. रिमोटचं चाक उजवीकडे फिरवलं, तर गाडीचं पुढचं चाक डावीकडे गेलं! मी म्हटलं, बघ, म्हणूनच पडत होती, यांनी सर्व्हो उलटा लावलाय. सर्व्हो म्हणजे स्टिअरिंग हलवणारी छोटी मोटर. रिमोटवर उलट-सुलट करायचं बटण असतं, ते सरकवलं. उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. समाधान झालं. मैदानात नेली, वेग दिला, उजवीकडे वळवली, आणि गाडी डावीकडे आडवी! दहा वेळा केलं, दहा वेळा तसंच. स्वाराचा पाय मोडला. योगायोगानं त्याचाही डावाच.

रात्री जेवताना चिरंजीव म्हणाले, “बाबा, आधी होतं तेच बरोबर असेल तर?” आम्ही बटण पूर्ववत केलं. दुसऱ्या दिवशी गाडी उजवीकडे म्हटल्यावर सुरेख झुकून उजवीकडे वळली.

दोन चाकांच्या गाडीला वळवायचं म्हणजे आधी झुकवायचं. उजवीकडे झुकवायचं तर चाकं क्षणभर डावीकडे काढून घ्यावी लागतात, मग वरचं वजन उजवीकडे कलतं आणि त्यामागून पुढचं चाक आपोआप उजवीकडे येतं. याला उलट स्टिअरिंग म्हणा. विमान बनवणारे राइट बंधू मूळचे सायकलवाले. त्यातल्या विल्बर राइटनं हे नेमकं ओळखलं होतं की, सायकलस्वार डावीकडे वळायच्या आधी हँडल किंचित उजवीकडे नेतो आणि त्याला स्वतःलाच ते ठाऊक नसतं. सावकाश चालवताना याचा पत्ता लागत नाही. वेगात हेच सर्व काही.

त्या रात्री मला झोप आली नाही. १९९४ साली त्या वळणावर मी डावीकडे जायला हँडल डावीकडे ओढलं होतं. गाडीनं उलटं काहीच केलं नव्हतं. तिनं मी सांगितलं तेच केलं होतं.

तिथून खरी जुळवणी सुरू झाली. आपल्याकडे बेंगळुरूत एक वाक्य सगळ्यांना येतं, कन्नड येवो न येवो : ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि’. आमच्या गाडीचं ब्रीदवाक्य तेच झालं. एक वही केली. तारीख, काय बदललं, काय झालं. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टूलरूमवाल्यांना हे सांगायला नको, पण घरी आलं की आपणही विसरतो.

जुळवणीचा आमचा क्रम सांगतो. कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं, सरळपणा. दोन्ही चाकांना कडेनं ताणलेला धागा लावून बघायचा. मागचं चाक साखळीच्या बाजूला जरा तिरकं बसलेलं असतं, तेवढ्यानं गाडी कायम एकीकडे ओढते.

दुसरं, डाव्या-उजव्या वजनाचा तोल. गाडी चाकांवर सरळ धरायची आणि अलगद सोडायची. दहापैकी आठ वेळा एकाच बाजूला पडली तर तिकडे वजन जास्त. आमची उजवीकडे पडायची, कारण मोटर उजवीकडे. बॅटरी थोडी डावीकडे सरकवली आणि टायरवाल्याकडची शिशाची एक छोटी पट्टी चिकटवली. त्यानंतर रिमोटवरचं ट्रिमचं बटण जवळजवळ मध्यावर आलं. वजनाची चूक ट्रिमनं झाकू नये. एका वेगाला झाकली जाते, दुसऱ्या वेगाला उघडी पडते.

तिसरं, फोर्क मोकळा हवा. गाडी हातात धरून डावीकडे कलती केली की पुढचं चाक स्वतःच्या वजनानं डावीकडे पडलं पाहिजे. पडलं नाही, तर बेअरिंग आवळलेलं आहे किंवा सर्व्होची वायर अडकते आहे. इथे एक मर्म आहे. मोटारगाडीत सर्व्हो चाकाला घट्ट धरतो. मोटारसायकलीत त्यानं फक्त ढकलायचं, धरायचं नाही. म्हणून दोघांच्या मध्ये स्प्रिंग असते. ही स्प्रिंग कडक केली तर गाडीला स्वतःला सावरता येत नाही. आम्ही आधी ‘नेमकं स्टिअरिंग’ हवं म्हणून ती आवळली होती, आणि रोज पडत होतो.

चौथं, साखळी. ताठ साखळी छान दिसते, पण मागचा सस्पेन्शन दबला की ती आणखी ताणली जाते आणि सस्पेन्शनच अडवते. म्हणून मागची बाजू दाबून, साखळी सर्वांत ताठ होते त्या जागी थोडा ढिलेपणा राहील अशी बसवायची.

पाचवं, बाजूचे गार्ड. गाडी आडवी होऊ नये म्हणून दोन्हीकडे दांड्या असतात. त्या फार रुंद ठेवल्या तर वळणात आधी त्याच जमिनीला टेकतात आणि गाडीला उचलून फेकतात. अरुंद ठेवल्या तर गाडी पडल्यावर उठत नाही. नीट बसवल्या तर पडलेली गाडी वेग देताच स्वतः उभी राहते. हे बघायला वसाहतीतली पोरं जमायची.

सहावं, आणि हे विसरू नका, फेलसेफ. रिमोटचा संपर्क तुटला तर वेग शून्यावर आला पाहिजे. गाडी स्टँडवर ठेवून, मागचं चाक फिरत असताना रिमोट बंद करून बघायचं. चाक थांबलं नाही, तर त्या दिवशी मैदानात जायचं नाही.

हे सगळं झाल्यावर गाडी धरून हळूच सोडू नये. दोन-चार पावलं तिच्याबरोबर धावायचं आणि सरळ रेषेत सोडायचं, कारण ठरावीक वेगाखाली ती तोल धरत नाही. सेक्रेटरीसाहेब, मी का पळतो ते आलं का लक्षात?

तीन महिने लागले. एक नवा पैसाही सुट्या भागांवर न घालता गाडी आठाचा आकडा काढायला लागली. त्यानंतर आम्ही सुधारणांकडे वळलो. सुधारणा म्हणजे हल्ली ज्याला अपग्रेड म्हणतात ते.

चिरंजीवांची यादी वरून सुरू व्हायची : मोठी मोटर, मोठी बॅटरी. माझी खालून. वाद झाला, म्हणून कागदावर गणित मांडलं. ब्रशलेस मोटर ३००० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला ३००० फेरे. दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी ७.४ व्होल्टची, म्हणजे मिनिटाला २२,२०० फेरे. गिअर आणि साखळी मिळून बाराला एक उतरलं, तर चाकाचे १८५० फेरे. चाकाचा परीघ ३७ ते ३८ सेंटिमीटर. म्हणजे ताशी सुमारे ४२ किलोमीटर. तीन सेलची बॅटरी लावली तर दीडपट, म्हणजे ६३. हवा आणि घर्षण धरून प्रत्यक्षात कमीच, पण हिशेब समजायला पुरे.

चिरंजीव खूश. मी म्हटलं, आता पुढचं गणित कर. वेग दीडपट झाला तर धडकेची ताकद सव्वादोनपट. ४२च्या वेगानं भिंतीवर आदळणं म्हणजे सात मीटरवरून, दुसऱ्या मजल्यावरून पडणं. ६३च्या वेगानं म्हणजे साडेपंधरा मीटर, पाचवा मजला. आणि हे गणित वजनावर अवलंबून नाही. दोन किलोच्या खेळण्याला जे, तेच त्याच वेगाच्या खऱ्या गाडीवरच्या माणसाला. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मी काही बोललो नाही. दंडाच्या कागदानं जे झालं नव्हतं ते त्या कागदानं झालं.

मग सुधारणा या क्रमानं झाल्या. आधी पितळी बुशांच्या जागी बॉल बेअरिंग. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी. मग रेडिओ. जुना रेडिओ २७ मेगाहर्ट्‌झचा होता. त्यात सहा रंगांचे सहा क्रिस्टल, तपकिरी ते निळा. शेजारच्या ब्लॉकमधल्या मुलाच्या मोटारीतही आमचाच पिवळा क्रिस्टल निघाला, आणि त्यानं वेग दिला की आमची गाडी पळायची! २.४ गिगाहर्ट्‌झचा रेडिओ आल्यावर ते संपलं. मग चपळ डिजिटल सर्व्हो, आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक जायरो.

जायरो गाडीचं कलणं ओळखतो आणि सर्व्होला क्षणात सांगतो. पण तो उलटा बसवला तर पडणाऱ्या गाडीला आणखी पाडतो. परीक्षा सोपी : गाडी हातात धरून झटकन डावीकडे कलती करा, पुढचं चाक डावीकडेच वळलं पाहिजे. आम्ही ही परीक्षा मैदानातून परत आल्यावर घेतली, आणि फोर्कचा एक पाय नवा घ्यावा लागला. हल्ली हे सगळं कंपनीतूनच बसून येतं. लोसीची ‘प्रोमोटो’ ही एक-चतुर्थांश मापाची गाडी २०२३ साली आली. तिच्या मागच्या चाकात वेगानं फिरणारं जड चक्र आहे आणि स्टिअरिंगला इलेक्ट्रॉनिक आधार. पण ज्यानं फोर्क मोकळा आहे की नाही ते कधी बघितलं नाही, त्याला ती का पडली तेही कळणार नाही.

शेवटी मोटर आणि बॅटरी, तीही दोन सेलचीच. नवी मोटर तापते का हे बघायला मी २०२०च्या साथीत घेतलेली, कपाळाला धरायची तापाची बंदूक वापरायचो. तिनं एकदा मोटरला ताप आहे म्हणून लाल दिवा लावला. हसू नका, त्यावरून पुढच्या चक्राचा एक दात कमी केला आणि मोटर शांत झाली.

बॅटरीबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो, कारण आता घरोघरी मुलांच्या ड्रोनमध्ये आणि गाड्यांमध्ये हीच असते. एकदा घाईत आमच्याकडून चार्जर जुन्या निकेल बॅटरीच्या सेटिंगवर राहिला आणि लिथियम बॅटरी जोडली. बॅटरी पुरीसारखी फुगली. नशिबानं मी तिथेच होतो. वायर काढली आणि गॅलरीतल्या वाळूच्या बादलीत टाकली. पेटली नाही. पेटली असती तर पडद्यापासून हातभर अंतर होतं. म्हणून सांगतो : चार्जरवर बॅटरीचा प्रकार आणि सेलची संख्या दोनदा वाचा. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका, वापरताना ३.२च्या खाली जाऊ देऊ नका, ठेवून देताना ३.८च्या आसपास ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. आणि रात्री चार्जिंगला लावून झोपू नका, कधीच.

चिरंजीव २०२१ साली अठरा वर्षांचे झाले. लायसन काढलं आणि मी स्वतः त्यांना गाडी घेऊन दिली. सौ. दोन दिवस बोलली नाही. पहिला महिना रविवारी सकाळी, त्याच पार्किंगच्या मैदानात, हेल्मेट घालून ते सराव करायचे आणि मी बाकावर बसायचो. डावीकडे वळायचं तर डावी मूठ पुढे ढकल. हे मी त्याला शिकवलं नाही, त्याला ते आधीच येत होतं.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री तो उशिरा आला. भिजलेला, चेहरा पांढरा. उड्डाणपुलाच्या वळणावर समोर अचानक वाळू पसरलेली दिसली होती. म्हणाला, “बाबा, हात आपोआप हँडल ओढायला निघाले होते. मग ढकललं. वाळूच्या आतून निघालो.” सौ.नं त्याला टॉवेल दिला. मी उठून बाहेर गॅलरीत गेलो. जरा वेळ तिथेच उभा राहिलो.

मंडळी, मी असं म्हणत नाही की, प्रत्येकानं मुलाला गाडी घेऊन द्यावी, किंवा खेळण्यानं अपघात टळतात. हेल्मेट, वेग आणि नशीब, तिन्ही लागतं. पण ‘नको’ म्हणण्यापेक्षा ‘चल, ही का पडते ते बघू’ म्हणणं आम्हा दोघांना जास्त उपयोगी पडलं.

चिरंजीव आता नोकरीला पुण्यात आहेत. गाडी माझ्याकडे आहे. स्वाराचा डावा पाय फेव्हिक्विकनं चिकटवलेला आहे, त्यामुळे आमची जोडी जमते. उद्या सकाळी आठ वाजता, आरतीच्या आधी, पार्किंगच्या मैदानात प्रात्यक्षिक ठेवलं आहे. बाळगोपाळांनी दोरीच्या बाहेर उभं राहायचं. रिमोट प्रत्येकाच्या हातात देईन, पण आधी गाडी हातात घेऊन कलती करायची आणि पुढचं चाक कुठे पडतं ते मला सांगायचं.



गणपती बाप्पा मोरया!